प्लॅस्टिक मॉडेलचा सांधा: चिकटवायचा कसा, घासायचा कसा

१/७२ प्रमाणाच्या विमानावर पाव मिलिमीटरची फट राहिली, तर खऱ्या विमानाच्या मापात ती १८ मिलिमीटरची होते. नाकापासून शेपटीपर्यंत करंगळी घालता येईल एवढी भेग पडलेलं विमान कोणी उडवणार नाही. मॉडेल बघणारा असा हिशोब करत नाही, पण त्याच्या डोळ्याला काहीतरी खटकतं. रंग लावला की फट झाकली जाईल ही आशा फोल असते. एकसारख्या रंगावर सावलीची बारीक रेघ उलट जास्तच उठून दिसते.

किटमधल्या माहितीपत्रकात बाण दाखवून भाग चिकटवायला सांगितलेलं असतं. घासण्याबद्दल त्यात बहुधा चकार शब्द नसतो. त्यामुळे चिकटवणं आणि घासणं ही दोन वेगळी कामं वाटू लागतात. माझ्या मते ते एकच काम आहे. गोंद कोणता आणि किती लावला, यावरूनच कधी घासायचं, कशाने घासायचं आणि पुटी (फट भरायचा लेप) लागणार की नाही हे ठरतं. म्हणून इथे हत्यारांची यादी न देता काम ज्या क्रमाने होतं त्या क्रमाने जाऊ.

गोंद उघडण्याआधी

भाग स्प्रूपासून, म्हणजे ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला ते जोडलेले येतात तिच्यापासून, तोडताना निपर (कापायची छोटी पक्कड) दोनदा चालवा. पहिला काप भागापासून दोन-तीन मिलिमीटर लांब, म्हणजे तुटतानाचा ताण भागावर येत नाही. दुसरा काप निपरची सपाट बाजू भागाकडे ठेवून, पण तोही अगदी चिकटून नको. अर्धा मिलिमीटर शिल्लक ठेवा आणि तेवढं ब्लेडने किंवा कानशीने काढा. एकाच घावात जवळून तोडलं तर प्लॅस्टिक पांढरं पडतं किंवा टवका उडतो, आणि मग तो खड्डा भरत बसावं लागतं.

नंतर गोंदाशिवाय जुळवून बघा. दोन्ही अर्धे भाग टेपने बांधा आणि दिव्यासमोर धरा. जिथून उजेड येतो तिथे काहीतरी अडतंय. बहुतेक वेळा दोषी असते आतली खुंटी. ती भोकात पूर्ण जात नाही किंवा भाग तिरका ओढते. अशी खुंटी सरळ कापून टाका. ती जुळवणीच्या सोयीसाठी असते, सांध्याची ताकद तिच्यावर अवलंबून नसते. साच्यातून भाग ढकलून काढणाऱ्या पिनांचे गोल उंचवटेही सांध्याच्या आतल्या बाजूला असले तर खरवडून टाका.

सांध्याच्या कडा सपाट नसतील, तर काचेच्या तुकड्यावर ४०० नंबरचा वॉटर पेपर (ओला चालणारा पॉलिश पेपर) दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावा आणि धडाचा अर्धा भाग त्यावर पालथा ठेवून हलक्या हाताने गोल फिरवा. चार-पाच फेऱ्यांनंतर थांबून बघा. कडेवर सगळीकडे सारखी मंद झाक आली की झालं. त्यापुढे घासत राहिलात तर धड अरुंद होतं आणि पुढे काचेची छत्री (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) किंवा पंख बसत नाहीत.

गोंद कोणता

बहुतेक किट पॉलिस्टायरीनची असतात. त्यांचा खास गोंद खरं तर चिकटवत नाही, तो प्लॅस्टिक विरघळवतो. दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात, द्रावक उडून जातं आणि मागे सलग प्लॅस्टिक राहतं. हे लक्षात ठेवलं की पुढचे निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत.

जाड गोंदात द्रावकाबरोबर विरघळलेलं पॉलिस्टायरीनही असतं. तो हळू उडतो, त्यामुळे मोठा भाग सरकवून बसवायला वेळ मिळतो. पातळ गोंद म्हणजे जवळजवळ निव्वळ द्रावक. टामिया या जपानी कंपनीच्या हिरव्या झाकणाच्या एक्स्ट्रा थिनमध्ये ॲसिटोन आणि ब्युटाइल ॲसिटेट असतं. तो आधी लावून मग भाग जुळवायचे नसतात. आधी भाग जुळवायचे, मग ओला ब्रश फटीला टेकवायचा. केशाकर्षणाने गोंद स्वतःच फटीतून धावतो. एकच एखादी बाटली घ्यायची असेल तर पातळ घ्या.

मात्र तो जसा फटीत धावतो, तसाच बोटाखालीही धावतो. सांध्यावर बोट असेल तर त्याचा ठसा प्लॅस्टिकवर कायमचा उमटतो. टेपखालीही तेच होतं. म्हणून आधी दोन टेपांच्या मधल्या जागेत गोंद सोडा, तो धरला की टेप काढून उरलेल्या जागी. बाहेर सांडलाच तर पुसायला जाऊ नका. पुसल्याने मऊ प्लॅस्टिक चिवडलं जातं. तसंच सोडलं तर तो उडून जातो, आणि राहिलेला किंचित डाग नंतर घासून निघतो.

आता या लेखातली सगळ्यात उपयोगी युक्ती. लांब सांध्यात पातळ गोंद सोडा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा एकदा सोडा आणि मग दोन्ही भाग जोर देऊन एकमेकांवर दाबा. वितळलेलं प्लॅस्टिक सांध्यातून बारीक वळीसारखं बाहेर यायला हवं. बघायला ते घाण दिसतं, पण तीच तुमची पुटी. तीही मॉडेलच्याच प्लॅस्टिकची, त्यामुळे सारखीच घासली जाते आणि तिच्यावर पॅनेल लाइन (विमानाच्या पत्र्यांचा जोड दाखवणारी कोरीव रेघ) कोरताही येते. वळी जिथे आली नाही, तिथे फट राहिली असं समजा.

हा गोंद सगळीकडे चालत नाही. रंग आणि क्रोम मुलामा यांच्यावरून तो प्लॅस्टिकपर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणून सांध्याच्या जागी ते आधी खरवडावे लागतात. रेझिन, धातू, मऊ पॉलिथीन यांच्यावर तो निरुपयोगी आहे. एबीएस या वेगळ्या कडक प्लॅस्टिकवर काही गोंद चालतात, काही कमी पडतात. शंका असेल तर त्याच किटच्या स्प्रूवर थेंब टाका आणि काडीने चोळा. पृष्ठभाग चिकट झाला तर पुढे जा.

धातूचे कोरीव भाग आणि रेझिन यांच्यासाठी सुपर ग्लू, म्हणजे सायनोॲक्रिलेट. हॅरी कूव्हर यांच्या चमूला हे रसायन १९४२ मध्ये कोडॅक कंपनीत सापडलं. चिकटतंच फार म्हणून तेव्हा ते बाजूला पडलं आणि १९५८ मध्ये ईस्टमन ९१० या नावाने बाजारात आलं. ते हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने घट्ट होतं. ओढ चांगली सोसतं, पण धक्का आणि पिळा सोसत नाही, म्हणून वजन पेलणारा सांधा त्याच्यावर सोडू नका. बाटलीच्या तोंडातून थेट लावणं म्हणजे जास्तच लावणं. एखाद्या प्लॅस्टिकच्या झाकणात थेंबभर काढा. शिवणाच्या सुईच्या नेढ्याचं टोक घासून तिचा दुबेळा करा, सुई लाकडी दांडीत खोचा आणि त्या दुबेळ्यात मावेल तेवढाच गोंद उचला. एक धोका ध्यानात असू द्या: कापूस किंवा सुती कापडावर हा गोंद भरपूर सांडला तर रासायनिक क्रियेने ते इतकं तापतं की चटका बसतो, धूरही निघू शकतो. सांडलेला सुपर ग्लू सुती फडक्याने पुसायचा नाही.

पारदर्शक भागांना सुपर ग्लू नकोच. त्याची वाफ काचेवर पांढुरकी झाक बसवते. तिथे पांढरा पीव्हीए गोंद किंवा छत्रीसाठी मिळणारा खास गोंद लावा. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि जास्तीचा ओल्या काडीने पुसता येतो. इपॉक्सी मी क्वचितच काढतो, नाकात वजन बसवायला किंवा धातूची जड चाकं धरायला.

यांतली बहुतेक द्रावकं पटकन पेट घेणारी आहेत आणि त्यांची वाफ छातीला चांगली नाही. खिडकी उघडी, ज्योत लांब, बाटली रुंद तळाच्या खोबणीत बसवलेली.

मधलं वाट पाहणं

सांधा दहा मिनिटांत हाताला घट्ट लागतो. तेव्हा घासायला घेऊ नका. आतलं प्लॅस्टिक अजून मऊ आणि फुगलेलं असतं. आज ते सपाट घासलं, की उरलेलं द्रावक उडताना ते आक्रसतं आणि आठवड्याने, रंग लावून झाल्यावर, सांध्याच्या जागी हलकीशी चर दिसू लागते. साध्या सांध्याला २४ तास, वळी आलेल्या जाड सांध्याला ४८ तास द्या. पातळ गोंद लवकर धरतो म्हणून तो लवकर पिकतोही, असं नाही. तोवर रबर बँड, कपड्यांचे चिमटे किंवा टेप यांपैकी जे हाताशी असेल त्याने भाग बांधून ठेवा. ताण इतकाच हवा की भाग हलणार नाहीत. जोर जास्त झाला तर धड पिळलं जातं आणि तसंच वाळतं.

सुपर ग्लूचं उलटं आहे. पुटी म्हणून भरला असेल तर तासाभरात घासा. दुसऱ्या दिवशी तो भोवतीच्या प्लॅस्टिकपेक्षा कडक होतो. मग कागद मऊ प्लॅस्टिक खातो आणि गोंदाचा उंचवटा तसाच राहतो.

घासणं: आधी ब्लेड, मग कानस, मग कागद

साच्याची रेघ, म्हणजे साच्याचे दोन अर्धे जुळतात तिथे भागावर उमटलेली रेघ, काढायला कागद घेऊ नका. ब्लेड पृष्ठभागाशी जवळजवळ काटकोनात धरा आणि धारेच्या उलट दिशेने ओढत खरवडा. बारीक भुकटी निघते आणि रेघ जाते. तोफेची नळी किंवा विमानाचे पाय असल्या बारीक गोल भागांवर हीच पद्धत उत्तम, कारण कागदाने ते एका बाजूला चपटे होतात.

सांध्यावरची वळी जाड असेल तर सुई-कानस घ्या. चपटी, अर्धगोल आणि गोल, या तीन पुरतात. कानस पुढे ढकलताना कापते, मागे आणताना उचला. दात भरले की तारेच्या ब्रशने दातांच्याच दिशेने साफ करा. काम पृष्ठभागाच्या किंचित वर असतानाच थांबवा, उरलेलं कागदाचं काम.

वॉटर पेपर सिलिकॉन कार्बाइडचा असतो. युरोपीय मोजपट्टीत नंबराआधी पी असतो. पी ४०० चा सरासरी दाणा साधारण ३५ मायक्रॉनचा, पी ८०० चा २२, पी १२०० चा १५ आणि पी २००० चा १० मायक्रॉनचा. १/७२ च्या मापात पी ४०० चा दाणा अडीच मिलिमीटरचा खडा झाला. ओरखडा दाण्याएवढा खोल जात नाही, तरी या कागदानंतर लगेच रंग का लावू नये हे यावरून कळावं. अमेरिकी नंबर वेगळे असतात. तिथला ६०० नंबरचा दाणा जवळपास पी १२०० एवढा बारीक असतो. वेगवेगळ्या ठिकाणचे कागद एकत्र वापरताना याने घोटाळा होतो, म्हणून कागदाची पाठ वाचा.

नंबर हा प्रश्नाचा अर्धाच भाग. कागदामागे काय आहे, ते जास्त महत्त्वाचं, आणि नवशिक्यांना नेमकं हेच कोणी सांगत नाही. बोटाने धरलेला कागद किंवा मऊ स्पंज पृष्ठभागाचा चढउतार जसाच्या तसा राखतो. दोन अर्ध्यांत पायरी असेल तर स्पंज ती पायरी फक्त गुळगुळीत करतो. हाताला काही लागत नाही, रंग लागला की सांध्याच्या दोन्ही बाजूंना लाट दिसते. म्हणून सांधा सपाट करायला पाठ कडक हवी: लाकडी पट्टी, ॲक्रिलिकचा तुकडा, आइस्क्रीमची काडी. आकार जमला की मगच स्पंज, तोही फक्त ओरखडे काढायला.

काड्या विकत मिळतात, पण घरी केलेल्या चांगल्या. लाकडी काडीच्या एका बाजूला दुहेरी टेप लावा, काडी वॉटर पेपरच्या पाठीवर दाबा, कडेने ब्लेड फिरवून कापा आणि मागच्या टोकावर पेनाने नंबर लिहा. एक टोक तिरकं कापलं तर कोपऱ्यात जातं. बांबूच्या सळईला कागद गुंडाळला की पंख धडाला मिळतो तिथली वळणं घासता येतात. नखं चमकवायची तीन-चार बाजूंची पट्टीही शेवटच्या चकाकीसाठी छान चालते. काचेची कानस महाग वाटेल, पण ती बुजत नाही, धुता येते आणि पृष्ठभाग जवळजवळ चकाकीपर्यंत नेते. पैसे खर्चायचेच असतील तर तिच्यावर खर्चा.

घासताना पाण्यात थेंबभर भांड्यांचा साबण टाका. कागद भरत नाही, प्लॅस्टिक तापत नाही आणि भुकटी उडत नाही. रेझिन घासताना तर पाणी आणि एन-९५ मास्क दोन्ही हवेत. मात्र आत रंगवलेली कॉकपिट असेल तर उघड्या भोकांना आधी टेप लावा, आत गेलेलं दुधाळ पाणी काचेवर आतून वाळतं आणि मग तिथे हात पोहोचत नाही.

क्रम ४००, ६००, ८००, मग १००० किंवा १२००. दर नंबराला दिशा बदला: ४०० सांध्याला आडवा, ६०० तिरका, ८०० उलट तिरका. आधीच्या दिशेचे ओरखडे दिसेनासे झाले की त्या कागदाचं काम संपलं. गोल धडावर किंवा इंधनाच्या टाकीवर कागदाची अरुंद पट्टी दोन्ही टोकांना धरून, बुटाला पॉलिश करताना फडकं ओढतात तशी ओढा, आणि भाग हळूहळू फिरवत राहा. एकाच जागी घासलं की चपटा डाग पडतो आणि तो परत गोल होत नाही.

रिव्हेट आणि पॅनेल लाइन वाचवायला सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेपचे दोन थर लावा. वरचा थर खरवडला जाऊ लागला की समजा, पृष्ठभाग जवळ आला. सांध्याला छेदून जाणाऱ्या पॅनेल लाइन घासण्याआधीच स्क्रायबरने (रेघ कोरायच्या टोकदार हत्याराने) थोड्या खोल करून ठेवा. पूर्ण पुसून गेलेली रेघ नेमक्या जागी पुन्हा कोरणं फार जिकिरीचं असतं. कोरावीच लागली तर जाड प्लॅस्टिकची चिकट लेबल-टेप कडेला लावून तिच्या आधाराने, जोर न देता, चार-पाच हलके फेरे मारा.

पुटी कुठे आणि कुठे नाही

पायरी आणि फट यांत गल्लत होते. पायरी घासून जाते, फट भरावी लागते. पायरीवर पुटी थापली तर ती पातळ पापुद्र्यासारखी राहते आणि कडेने सुटते.

केसाएवढ्या फटीला मिस्टर सर्फेसर ५०० ही बाटलीतली पातळ पुटी ब्रशने लावा. थोड्या रुंद फटीला स्प्रूचे तुकडे पातळ गोंदात रात्रभर भिजवून केलेलं घट्ट मिश्रण सगळ्यात सरस, पण त्यात द्रावक भरपूर असल्याने दोन-तीन दिवस थांबा. नळीतली लॅकर पुटी वाळताना आक्रसते, म्हणून एकदम जाड न भरता थर द्या. पंखाच्या कोपऱ्यासारख्या ठिकाणी, जिथे घासायला हत्यारच जात नाही, पाण्याची ॲक्रिलिक पुटी भरून ओल्या कापसाच्या काडीने लगेच पुसा. घासायचं कामच उरत नाही. मिलिमीटरभर रुंद फटीत पुटी ओतू नका. पॉलिस्टायरीनची पट्टी कापून ती पातळ गोंदाने बसवा आणि वाळल्यावर छाटा.

प्रायमरची परीक्षा

घासलेला पृष्ठभाग ठिकठिकाणी चमकदार आणि मंद असतो, त्यामुळे डोळे फसतात. सांध्यावरून करड्या प्रायमरचा पातळ हात द्या आणि दिवा जवळजवळ आडवा धरून बघा. घाई असेल तर सांध्यावर काळा मार्कर फिरवून एकदा ८०० ने हलकं घासा. जिथे काळं राहिलं तिथे खड्डा. पण मार्करची शाई पुढे रंगातून वर येऊ शकते, म्हणून ती स्पिरिटने पूर्ण पुसा. दोष सापडला की तेवढ्याच जागी भरणं, थांबणं, घासणं. दुसऱ्या फेरीत सांधा नाहीसा झाला तर चांगलंच जमलं म्हणायचं, तिसरीही लागू शकते.

काही छत्र्यांच्या मधोमध साच्याची रेघ असते. ती ब्लेडच्या टोकाने हलक्या हाताने खरवडा, मग १५०० आणि २००० ओला, त्यानंतर ४०००, ८००० च्या पॉलिशिंग कापडाने आणि शेवटी बारीक पॉलिशिंग कंपाउंड मऊ फडक्यावर घेऊन. मध्येच काच धुकट झाली की बिघडली असं वाटतं. पुढच्या नंबरावर ती साफ होत जाते. घाईने जोर लावू नका, पारदर्शक पॉलिस्टायरीन ठिसूळ असतं आणि मधोमध तडकतं. म्हणून हे काम छत्री चिकटवण्याआधी, ती चिकणमातीच्या गोळ्यावर टेकवून करा.

सुरुवातीच्या खरेदीत पातळ गोंद, छोटी सुपर ग्लू, निपर, ब्लेडची दांडी, अर्धगोल कानस आणि ४०० ते २००० पर्यंतचे वॉटर पेपर एवढं घ्या. जास्तीची ब्लेडं मात्र भरपूर घ्या: बोथट ब्लेड खरवडत नाही, उड्या मारत जातं आणि पृष्ठभागावर आडव्या लाटा सोडतं. हाताला तशी थरथर जाणवली की तिथेच थांबून ब्लेड बदला.